देवालयाचे बांधकाम : साहित्य आणि शास्त्र

(जीर्णोद्धार समारंभानिमित्त ग्रामस्थ, देणगीदार व स्थापत्यशास्त्राचे विद्यार्थी यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवालयाचा जीर्णोद्धार हे आपल्याकडे मोठे पुण्यकर्म मानले जाते. महाराष्ट्राला त्याची थोर परंपरा लाभली आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी १७८० साली काशी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे केले आणि देशभर घाट, बारवा, धर्मशाळा बांधल्या. आजही गावोगावी माणसे आपल्या घामाच्या पैशातून देवालयासाठी देणगी देतात. जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थच जे जीर्ण झाले त्याला उचलून धरणे असा आहे. परंतु उचलून धरावयाचे तर ते कशाचे बनले आहे, त्याचा भार कोठून कोठे जातो आणि ते कशामुळे झिजले, एवढे तरी आधी समजले पाहिजे. ते न समजता काम केले तर श्रद्धेने दिलेला पैसाच जुन्या वास्तूच्या मुळावर येतो. म्हणून दगड, चुना, वीट, लाकूड, लोखंड आणि सिमेंट या साहित्याचे स्वभाव कोणते, आणि कोणाचे कोणाशी जमते, एवढाच आजचा विषय आहे.

दाब आणि ताण

झोपडी असो की राजवाडा, प्रत्येक इमारतीचे काम एकच : आपला व आपल्यावरचा भार सुखरूप जमिनीपर्यंत पोचविणे. हा भार वाहताना साहित्यावर मुख्यतः दोन प्रकारचे जोर येतात. डोक्यावर धान्याची पाटी घेतली म्हणजे मानेवर येतो तो दाब. मोट ओढताना नाड्यावर येतो तो ताण. ओढ्यावर टाकलेल्या फळीवरून माणूस चालला की फळी मधोमध वाकते. त्या वेळी तिची वरची बाजू दाबली जाते व खालची बाजू ताणली जाते. दाब आणि ताण हे दोन शब्द ज्याला नीट कळले, त्याला बांधकामशास्त्राचा निम्मा धडा कळला असे म्हणावयास हरकत नाही.

दगड दाबाला अत्यंत बळकट असतो, पण ताणाला तेवढाच दुबळा. त्याची ताण सोसण्याची शक्ती दाब सोसण्याच्या शक्तीच्या सुमारे एक दशांश, कित्येकदा त्याहूनही कमी असते. म्हणून दगडी खांब कितीही भार घेतो. परंतु दोन खांबांवर आडवी टाकलेली दगडी तुळई फार लांब केली की खालच्या बाजूने तडकते. जुन्या देवळांच्या सभामंडपात खांब इतके जवळजवळ का, याचे उत्तर येथे आहे. सिन्नरच्या गोंदेश्वराच्या मंडपात उभे राहिले की खांबांची ती दाटी शोभेची वाटते. मुळात ती दगडाच्या स्वभावाने घालून दिलेली मर्यादा आहे.

या मर्यादेवर आपल्या पूर्वजांनी एक सुंदर युक्ती काढली. प्रत्येक थराचा दगड खालच्या थरापेक्षा थोडा पुढे सरकवावयाचा, त्याची मागची बाजू वरच्या भाराखाली दाबून ठेवावयाची, आणि असे करीत करीत वरची पोकळी मिटवीत न्यावयाची. सभामंडपाची कमळासारखी उमलत गेलेली गोल छते आणि गर्भगृहावरचे शिखर याच रीतीने उभे राहिले. प्रत्येक वर्तुळातले दगड एकमेकांना चारी बाजूंनी दाबून धरतात, म्हणून ते आत पडत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातील खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात स्वर्गमंडपाच्या छताला मधोमध गोल मोकळीक आहे. वरून आभाळ दिसते, तरी भोवतालचे दगड शतकानुशतके जागच्या जागी आहेत.

दुसरी युक्ती कमानीची. कमानीचा प्रत्येक दगड पाचरीच्या आकाराचा असतो व शेजाऱ्याला दाबीत भार दोन्ही बाजूंना नेतो. त्यामुळे ताणाचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही, आणि लहान लहान दगडविटांनी मोठे अंतर ओलांडता येते. कमानच गोल फिरविली म्हणजे घुमट होतो. विजापूरचा गोल घुमट १६५६ च्या सुमारास पुरा झाला. त्याचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे, तो वीट व चुना यांचा आहे, आणि मध्ये एकही खांब नाही. मात्र कमान व घुमट बाहेरच्या बाजूला रेटा देतात, म्हणून त्यांच्या कडेच्या भिंती जाड लागतात. कमानीच्या बाजूची भिंत कोणी ‘जागा वाढवू’ म्हणून पाडली, तर कमान आज ना उद्या बसते.

दगड

महाराष्ट्राच्या बहुतेक भूमीखाली काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारसाचे थरावर थर पसरले व थिजले. सह्याद्रीच्या पायऱ्या पायऱ्यांचे कडे त्याच थरांचे आहेत. हा दगड कठीण आहे, सहसा पाणी पीत नाही, पण घडविण्यास पाथरवटाचा हात व वेळ लागतो. चांगला दगड ओळखण्याची जुनी रीत आजही खरी आहे : हातोडी मारली की खणखणीत आवाज यावा. बद्द आवाज आला तर आत चीर आहे असे समजावे.

कोकणात व गोव्यात याची जागा जांभा घेतो. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने त्याचे चिरे तासता येतात. हवा लागली की तो कठीण होत जातो. पण तो सच्छिद्र आहे, म्हणून गोव्यातल्या देवळांच्या जांभ्याच्या भिंतींना चुन्याचा गिलावा आणि वर उतरती कौलारू छपरे असतात. देशावरचा काळा दगड उघडा शोभतो आणि उघडाच टिकतो. कोकणातल्या जांभ्याला पांघरूण लागते. एका प्रांताची रीत दुसऱ्या प्रांतात उचलून नेता येत नाही ती अशी.

येथे ‘हेमाडपंती’ या शब्दाविषयीही बोलले पाहिजे. घडीव दगड चुन्याशिवाय एकावर एक बसवून केलेल्या बांधणीला लोक हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री पंडित हे तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचे मंत्री होते. परंतु अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चे आहे. हेमाद्रींच्या दोनशे वर्षे आधीचे. तेव्हा ही बांधणी त्यांच्या नावाने ओळखली जात असली तरी कला त्यांच्याही आधीची आहे. या बांधणीचे रहस्य तीन गोष्टींत आहे : दगडांचे पृष्ठभाग काटेकोर सपाट करणे, खाचा व खुंट्यांनी त्यांना एकमेकांत गुंतविणे, आणि बाकी सारे काम दगडाच्या स्वतःच्या वजनावर सोपविणे. असे देऊळ उतरवून दगडांना क्रमांक न घालता पुन्हा रचावयाचे म्हटले तर ते मूळच्यासारखे कधीच बसत नाही.

चुना

चुन्याची कथा मोठी मनोरंजक आहे. चुनखडी किंवा काळ्या रानात सापडणारे चुन्याचे खडे भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत भाजले की त्यातील कार्बनवायू निघून जातो व चुनकळी उरते. चुनकळीवर पाणी पडताच ती खदखदते व फुलते. हे चुना विरवणे होय. तो वाळूबरोबर बैलाच्या घाणीत मळला जाई. विटांची भुकटी, म्हणजे सुरखी घातली की ओलाव्याच्या जागीही तो घट्ट होई. गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, उडदाचे पीठ असे पदार्थही गवंडी आपापल्या प्रांताच्या रीतीने मिसळीत. भिंतीत बसलेला चुना हळूहळू हवेतील तोच कार्बनवायू परत शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीच बनतो. खाणीतून निघालेला दगड अशा रीतीने भिंतीत पुन्हा दगड होतो.

याला महिने, कधी वर्षे लागतात. चुन्याचा हा सावकाशपणा दोष वाटतो, पण त्यातच त्याचा गुण आहे. भिंत थोडी बसली, सरकली तर चुना तिच्याबरोबर थोडा वाकतो. बारीक भेग पडली तर पाण्याबरोबर विरघळलेला चुना तिच्यात उतरून तिला कधी कधी आपोआप बुजवितो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो.

वीट आणि लाकूड

वीट ही दगडाचीच धाकटी बहीण. दाब सोसते, ताण सोसत नाही. चांगल्या विटेची परीक्षा कोणालाही करता येते. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर टणत्कार निघावा, नखाने ओरखडा उठू नये, मीटरभर उंचीवरून पडली तर फुटू नये. चोवीस तास पाण्यात ठेवल्यावर साध्या विटेने स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांहून अधिक पाणी पिऊ नये. रचताना वरच्या विटेने खालच्या दोन विटांचा सांधा झाकला पाहिजे. उभे सांधे एकाखाली एक आले तर ती भिंत नसून विटांची रास होते.

लाकूड दाब व ताण दोन्ही सोसते आणि वजनाला हलके असते. म्हणून जुन्या सभामंडपांचे खांब, तुळया, कडीपाट सागवानी असत. त्याचे शत्रू तीन : ओल, वाळवी आणि आग. पुण्याच्या शनिवारवाड्याचे लाकडी मजले १८२८ च्या आगीत गेले. दगडी जोते आणि तट तेवढे राहिले. खांब थेट जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करीत, त्यामागे हाच ओल व वाळवी टाळण्याचा विचार होता. नूतनीकरणात फरशीची पातळी वाढवून तळखडे गाडून टाकणे म्हणजे लाकडाच्या पायाशी ओल आणून ठेवणे होय.

सिमेंट आणि लोखंड

इंग्लंडमधील लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने १८२४ साली पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. पुढे १८६७ मध्ये फ्रान्समधील जोसेफ मॉन्ये या माळ्याने झाडांच्या कुंड्यांसाठी सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घालण्याचे पेटंट घेतले, आणि आजच्या आर.सी.सी.चे बीज पडले. काँक्रीट दगडासारखे : दाबाला बळकट, ताणाला दुबळे. लोखंड ताणाला बळकट. दोघांचे जमण्याचे आणखी एक कारण म्हणजे उष्णतेने दोघेही जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात. वाकणाऱ्या तुळईत सळया खालच्या बाजूला का घालतात, हे आता वेगळे सांगण्याची गरज नाही. आणि छज्जा भिंतीतून बाहेर लोंबता असल्याने त्याला ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून त्याच्या मुख्य सळया वर हव्यात. काम चालू असता सळयांवरून चालून त्या खाली दाबल्या गेल्या, तर तो छज्जा साचा काढताच कोसळू शकतो.

सिमेंट हे उत्तम साहित्य आहे. नवे भक्तनिवास, अन्नछत्र, पाण्याची टाकी यांना त्यासारखे दुसरे नाही. पण त्याचेही नियम आहेत. जास्त पाणी घातले तर काँक्रीट ओतावयास सोपे होते आणि कायमचे दुबळे होते. वाळूत माती-गाळ नसावा. साधे सिमेंट असेल तर निदान सात दिवस आणि राख वगैरे मिसळलेले असेल तर निदान दहा दिवस काम ओले ठेवले पाहिजे. पूर्ण बळ मोजावयाचे ते अठ्ठावीस दिवसांनी. सळईवर काँक्रीटचे पुरेसे आवरण हवे, कारण लोखंड गंजले की त्याचे आकारमान दोन ते सहा पट वाढते व ते आतून काँक्रीट फोडून काढते.

हाच गंज दगडालाही सोडीत नाही. ग्रीस देशात अथेन्सचे पार्थेनॉन हे प्राचीन देवालय विसाव्या शतकाच्या आरंभी दुरुस्त करताना दगड जोडण्यास उघडे लोखंडी आकडे वापरले गेले. मूळ बांधणाऱ्यांनी आपले लोखंड शिशात मढविले होते. ती काळजी या वेळी राहून गेली. काही दशकांतच आकडे गंजले, फुगले आणि अडीच हजार वर्षांचा संगमरवर तडकला. अलीकडच्या काळात तज्ज्ञांना ते काढून त्यांच्या जागी न गंजणाऱ्या टायटॅनियम धातूचे आकडे बसवावे लागले. म्हणजे आधीच्या जीर्णोद्धाराचाच जीर्णोद्धार करावा लागला.

पाया, पाणी आणि बांधणी

पाया काळ्या मातीवर ठेवू नये; ती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्याखालचा मुरूम किंवा खडक गाठावा. आणि इमारतीचा सर्वांत मोठा वैरी कोण, असे विचारले तर उत्तर एकच : पाणी. छतावरचे, जमिनीतले, आणि अभिषेकाचेही. जुन्या देवळांत गोमुखाची वाट, जोत्याची उंची व भोवतीचा उतार यांचा विचार या पाण्यासाठीच केलेला असतो. प्रांगणात भर घालून फरशी केली आणि बाहेरचे पाणी गर्भगृहाकडे वळले, तर वरचा सोन्याचा कळसही देवळाला वाचवू शकत नाही.

बांधणीचा धडा मराठवाड्याने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतरच्या झोपेत, किल्लारी व आसपासच्या लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावांत भूकंप झाला आणि हजारो माणसे दगडमातीखाली गेली. भिंती पुष्कळ जाड होत्या. पण आतला व बाहेरचा असे दोन थर अनघड दगडांचे, मध्ये माती व कपच्यांची भर, आणि दोन्ही थरांना एकत्र बांधणारा आरपार दगड नाही. वर धाब्याच्या मातीचे प्रचंड ओझे. हादरा बसताच दोन थर एकमेकांपासून सुटले. दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. थोड्या थोड्या अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे दगड, कोपऱ्यांत लांब दगड, आणि जोते, चौकट व छत यांच्या पातळीला चारी भिंतींना कवटाळणारे पट्टे असते तर कित्येक जीव वाचले असते.

जुन्या वास्तूला काय सोसते

आता मूळ मुद्द्याकडे वळू. चुन्यात बांधलेल्या जुन्या दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, तर भिंतीतली ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते. मग ती आत साचते, वर चढते, क्षार घेऊन येते. लोणा लागतो, आणि काही वर्षांत गिलावा आपल्याबरोबर दगडाचे व विटेचे पापुद्रेही घेऊन सुटतो. सांध्यांत कडक सिमेंट भरले तरी हीच कथा. भिंतींना व जमिनीला चकचकीत टाइल्स लावल्या तर ओल भिंतीतच कोंडते.

काळ्या पाषाणावर तैलरंग देण्याची हौस पुष्कळ ठिकाणी दिसते. रंगाच्या थरांनी मूर्तींचे नाकडोळे बुजतात, टाकीच्या ज्या घावांत पाथरवटाचा हात दिसतो ते घाव झाकले जातात. पुढे तो रंग काढण्यासाठी वाळूचा मारा केला म्हणजे रंगाबरोबर नक्षीही उडते. रंग काढावयाचाच तर मऊ ब्रश, पाणी आणि जाणकाराच्या देखरेखीखाली, सावकाश.

शिखरातला पिंपळ नुसता वरून छाटला तर पुन्हा फुटतो आणि ओढून उपटला तर दगड हलवितो. त्याचे मूळ आतच मारून भेग चुन्याने भरावी लागते.

तिसरी गोष्ट वजनाची. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद व साडेबारा सेंटिमीटर जाड असा स्लॅब म्हणजे साडेबारा घनमीटर काँक्रीट. वजन सुमारे ३१ टन. लाकडी छपरासाठी बांधलेल्या जुन्या भिंतींवर हे ओझे चढविण्यापूर्वी पाया उकरून पाहणे व अभियंत्याचा हिशेब घेणे हे समितीचे कर्तव्यच ठरते.

आणि देऊळ संरक्षित स्मारक असेल तर परवानगीवाचून हात लावता येत नाही. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास बंदी आहे व त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियमन आहे. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आहे.

देणगीदारांना एक विनंती करावीशी वाटते. देणगीचा पैसा जसा कळसाला, कमानीला, नावाच्या फरशीला जातो, तसा तो पावसाचे पाणी बाहेर काढणाऱ्या गटारीला, चुना विरविण्याच्या टाक्याला आणि जाणत्या पाथरवटाच्या मजुरीलाही जावा. ही कामे नजरेत भरत नाहीत; देऊळ मात्र त्यांच्यावरच उभे राहते. विद्यार्थ्यांनी पुस्तकातले कोष्टक पाठ करण्याबरोबर आपल्या गावच्या देवळाचे मोजमाप घ्यावे, कोणता दगड कोणाचा भार घेतो हे खडूने काढून पाहावे. आणि समितीने कामाच्या आधीची छायाचित्रे, नकाशे व वापरलेल्या साहित्याची नोंद दप्तरी जपून ठेवावी, म्हणजे शंभर वर्षांनी पुन्हा जीर्णोद्धार करणाऱ्यांना आजच्या मंडळींचे काम वाचता येईल.

ग्रामदेवतेच्या कृपेने हे कार्य सर्वांच्या हातून निर्विघ्न सिद्धीस जावो.

॥ शुभं भवतु ॥